फरक स्पष्ट करा

बसा. उठून ‘नमस्ते बाई’ म्हणायची गरज नाही. आज तुमचे कान धरायला आले आहे.

परवा सकाळी अमरावतीच्या एसटीची वाट पाहत मी धनजच्या स्टॉपवर उभी होते. मागच्या टपरीवर तुमच्यातलेच दोघे चहा घेत होते. आवाज ओळखीचे, म्हणून कान तिकडे गेला. एक म्हणाला, “व्हायरल निघालं म्हंते. मंग येवढ्या सुया काहून टोचल्या? उगाच लेकराले अकरा दिवस काचेत ठेवलं.” दुसऱ्यानं री ओढली, “व्हायरलच होतं तं घरी बी बरं झालं असतं.”

एसटी आली आणि गेली. मी चढले नाही. त्या ‘उगाच’ शब्दानं माझे पाय जागीच धरले. दोघांनाही मी आठवीत विज्ञान शिकवलं आहे. दोघे आता बाप झाले आहेत. ज्या बाळाबद्दल हे बोलणं चाललं होतं, त्याच्या बारशाला मी हजर होते आणि नंतर दवाखान्यातही जाऊन आले होते. बाळ वाचलं, म्हणून आज मला रागावता येतं आहे. ते गेलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी सटवीच्या लेखणीवर खापर फोडलं असतं आणि मोकळे झाला असता.

आठवीतला तो प्रश्न आठवतो का? ‘जिवाणू व विषाणू यांतील फरक स्पष्ट करा.’ मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे जिवाणू: त्याला स्वतःची पेशी असते, तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, प्रतिजैविकानं मरतो. उजवीकडे विषाणू: त्याला स्वतःची पेशी नसते, दुसऱ्याच्या पेशीत घुसून तो वाढतो, प्रतिजैविकाला दाद देत नाही. तुम्ही हे घोकून गुण मिळवलेत. मीही शाबासकी दिली. पण एक गोष्ट शिकवायची राहिली, ती आज शिकवते. ही उभी रेघ फळ्यावर खरी आहे. पंधरा दिवसांच्या बाळाच्या अंगावर ती कुठंही मारलेली नसते.

मोठ्या माणसाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, कफ पडतो, तो सांगतो की छातीत दुखतंय. नवजात बाळाजवळ आजार सांगायला दोन-चारच खुणा असतात. ते दूध ओढायचं थांबतं. अंग सैल सोडतं. रडणं बारीक होतं. श्वास जोरात चालतो किंवा मध्येच थांबतो. अंग तापतं, नाहीतर उलट गार पडतं. रक्तात जिवाणू भिनले तरी खुणा याच, आणि नाकातून आत गेलेला सर्दीचा विषाणू फुप्फुसात उतरला तरी याच. म्हणून डॉक्टर केसपेपरवर आधी ‘संशयित सेप्सिस’ लिहितात. या संशयाला ‘उगाच’ म्हणणारे तुम्ही कोण?

आता त्या घरात काय घडलं ते क्रमानं सांगते. ऐकताना मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

भादव्यातलं बारसं. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. एका खोलीत चाळीस माणसं. बाराव्या दिवशीचं ते लेकरू या हातातून त्या हातात फिरत होतं. फोटोसाठी एकानं घेतलं, दुसऱ्यानं गालाला गाल लावला. त्यांतल्या एकाचं नाक सकाळपासून गळत होतं. त्यानं रुमालानं नाक पुसलं, रुमाल खिशात घातला आणि त्याच हातानं बाळाची हनुवटी धरून मुका घेतला. आशाताई कोपऱ्यातून म्हणाली, “भाऊ, सर्दी हाये तुमाले, दूर राहा ना.” त्यावर सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “सर्दीनं काय होते बाप्पा?”

काय होते, ते पाचव्या दिवशी कळलं. सोळा-सतरा दिवसांच्या त्या बाळानं दूध ओढणं कमी केलं. आजीनं मीठ-मोहरी उतरवली. बाप गेला औषधाच्या दुकानात. ‘लेकराले सर्दी हाये’ एवढ्या तीन शब्दांवर त्यानं सिरप आणलं. बाळाचं वय त्यानं सांगितलं नाही, दुकानातल्या माणसानं विचारलं नाही. ती रात्र गेली. दुसऱ्या दिवशी बाळ दिवसभर झोपलं. घरात म्हणाले, औषध लागू पडलं, लेकरू शांत झोपलं. ते शांत झोपलेलं नव्हतं, ते मलूल पडलं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे आईनं पाय चोळले तर ते गार लागले. तेव्हा धावपळ सुरू झाली. आधी इथला दवाखाना, तिथून रुग्णवाहिकेनं अमरावती.

मी दुसऱ्या दिवशी गेले. काचेतून पाहिलं. नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, तोंडातून पोटात दुसरी नळी, तळपायाला लावलेल्या पट्टीचा तांबडा उजेड. छाती भराभर वरखाली व्हायची आणि मग एकदम थांबायची. यंत्र वाजायचं. सिस्टर यायच्या, तळपायाला टिचकी मारायच्या, छाती पुन्हा हलायची. माझ्या डोळ्यांदेखत असं तीनदा झालं. ज्यांना ते बाळ घरी बरं झालं असतं असं वाटतं, त्यांनी सांगावं: रात्री दोन वाजता थांबलेला तो श्वास घरी कोण सुरू करणार होतं?

डॉक्टरांनी आल्या आल्या रक्त तपासायला घेतलं, नाकातला स्वॅब पाठवला आणि अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू केलं. रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून बघायला दोन-तीन दिवस लागतात. जिवाणू असतील तर तेवढ्या वेळात बाळ हातचं जातं. तीन दिवसांनी रक्तात काहीच वाढलं नाही. मग आरएसव्ही या विषाणूचा अहवाल आला. त्या दिवशी डॉक्टरांनी प्रतिजैविक स्वतःहून थांबवलं. पुढचे दिवस बाळ काचेत राहिलं ते ऑक्सिजनसाठी आणि नळीच्या दुधासाठी. हे झालं तुमचं ‘उगाच’. मोठ्या माणसाचं नाक दोन दिवस गाळणारा हाच विषाणू महिन्याच्या आतल्या बाळाचा श्वास बंद पाडू शकतो.

बाईंचं बोलणं म्हणजे उपदेश असं वाटत असेल तर आकडे ऐका. भारत, बांगलादेश आणि पाकिस्तानातल्या पाच ठिकाणी एक मोठा अभ्यास झाला. आपल्याकडची ठिकाणं होती वेल्लोर आणि ओडिशा. २०१८ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ६३ हजारांवर बाळांवर जन्मापासून ५९ दिवसांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. गंभीर जंतुसंसर्गाचा संशय यावा असे प्रसंग सहा हजारांवर निघाले. आधुनिक तपासण्या करूनही कारण हाती लागलं ते शेकडा २८ वेळा: १६ वेळा जिवाणू, १२ वेळा विषाणू. सगळ्यांत जास्त सापडला तो हाच आरएसव्ही. शंभरातल्या उरलेल्या ७२ वेळा प्रयोगशाळांनाही कारण सांगता आलं नाही. आणि तुम्ही चहाचा कप हातात धरून निदान सांगता?

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा वहीत लिहून घ्या. जी बाळं दगावली, त्यांच्यात जिथं कारण सापडलं तिथं शेकडा ९२ वेळा ते जिवाणूच होते. विषाणू बाळांना मोठ्या संख्येनं आजारी पाडतात, जिवाणू जास्त मारतात, आणि पहिल्या तासात दोघं सारखेच दिसतात. अशा वेळी डॉक्टरनं आधी प्रतिजैविक दिलं आणि मग अहवाल पाहून थांबवलं, तर त्यानं अगदी बरोबर केलं.

हे आपल्या विदर्भानं जगाला शिकवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत काम केलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळ तपासायला शिकवलं. दूध सोडलं का, रडणं बारीक झालं का, हातपाय लुळे पडले का, श्वास किती, अंग किती तापलं किंवा गारठलं, हे त्या बायका घरोघर जाऊन बघत. खुणा जुळल्या की उपचार सुरू. जंतू कुठला, हा प्रश्न त्यांनी दारात अडवून धरला नाही. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत, जिथं हे काम नव्हतं अशा ४७ गावांच्या तुलनेत, तिथले नवजात मृत्यू शेकडा ६२ नी घटले. सेप्सिस झालेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण शेकडा १६.६ होतं, ते २.८ वर आलं. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि त्याच वाटेनं २०११ पासून आशाताई देशभर घरी येऊन बाळ बघू लागल्या. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी ती तुमच्या दारात येते ती या कामासाठी. जिला तुम्ही बारशात हसलात, तिच्या पिशवीत गडचिरोलीचं शहाणपण आहे.

आता ‘व्हायरल म्हणजे साधं’ या वाक्याकडे वळते. हे वाक्य मोठ्या माणसाच्या तापापुरतं बरेचदा चालतं. नवजात बाळाच्या बाबतीत ते तोंडातून काढू नका.

चिकुनगुन्या घ्या. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. मग तीसेक वर्षं तो गप्प होता आणि २००६ मध्ये परतला. भिंतीचा आधार घेत चालणारी माणसं तुमच्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिली आहेत. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर डॉक्टरांना दिसलं की बाळंतपणाच्या वेळी ज्या आयांच्या रक्तात हा विषाणू होता, त्यांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना तो लागला. सिझेरियन करूनही टळला नाही. ती बाळं जन्मली तेव्हा ठणठणीत होती. तीन-चार दिवसांनी ताप आला, दूध सुटलं, अंग सुजलं, काहींच्या मेंदूवर परिणाम झाला. अशा बाळांच्या नाकाभोवतीची कातडी काळवंडते, हे आपल्याकडच्या डॉक्टरांनीही नोंदवलं आहे.

असं का होतं ते समजून घ्या, पाठ करू नका. आईला आजार आधीच होऊन गेला असेल तर तिच्या रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार असतात आणि ती वारेतून बाळाला मिळतात. बाळ शिदोरी घेऊनच जन्माला येतं. पण ताप बाळंतपणाच्या दोन-चार दिवस आधी आला, तर विषाणू बाळापर्यंत पोचतो आणि शिदोरी बांधायला आईच्या शरीराला वेळच मिळत नाही. डेंग्यूचं असंच. जुलाब-तापाच्या एंटेरोव्हायरसचंही असंच. तो बाळाच्या हृदयाला आणि यकृताला धक्का देतो. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘बाळंतपणाच्या आधी आईला ताप होता का?’

त्या बाळाला दाखल केलं त्या दिवशीही हा प्रश्न विचारला गेला. सासूनं पटकन सांगितलं, “नाही जी, काईच नव्हतं.” का? सुनेच्या तापाचा दोष घरावर येईल म्हणून. ‘घरात कुणाला सर्दी आहे का?’ यावरही ‘नाही’. ‘आधी काही औषध दिलं का?’ यावरही ‘नाही’. सिरपची बाटली तेव्हा बापाच्या खिशात होती! अरे, परीक्षेत खोटं उत्तर लिहिलं तर तुमचे गुण जातात. इथं खोटं बोललात तर लेकराचा जीव जातो. डॉक्टर तुमची अब्रू मोजत नसतो. तो कुठल्या दिशेनं शोध घ्यावा हे ठरवत असतो, आणि तुम्ही त्याच्या हातातला कंदील विझवता.

एक विषाणू असा आहे की त्याच्यावर औषध आहे. नागीण ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला हर्पीस सिम्प्लेक्स. ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड येतात, आठवड्यानं सुकतात, कुणी मनावर घेत नाही. तेच ओठ बाळाला लागले तर तो विषाणू बाळाच्या यकृतात आणि मेंदूत पसरू शकतो. पसरला आणि उपचार मिळाला नाही तर बहुतेक बाळं हाती लागत नाहीत. असायक्लोव्हिर हे त्याच्यावरचं औषध. ते लवकर शिरेतून गेलं तर फरक पडतो. मात्र संशय येण्यासाठी कुणीतरी सांगावं लागतं की ‘माझ्या ओठावर फोड होते आणि मी मुका घेतला.’ आहे का तुमच्यात तेवढी हिंमत?

पाठीतल्या पाण्याबद्दलही बोलते. डॉक्टरांनी त्या बाळाच्या पाठीतलं पाणी तपासायचं म्हटलं तेव्हा काकानं हात आडवा घातला. “पाठीतलं पानी काढलं का लेकरू लुळं होते.” कुठं वाचलंत हे? कुणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं. मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली, कंबरेजवळ, बारीक सुई घालून थोडे थेंब घेतात. संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत गेला का, हे त्या थेंबांतून कळतं. हर्पीस आणि एंटेरोव्हायरसही त्यातच शोधतात. तुम्ही सही नाकारता, मग डॉक्टरला अंदाजानं औषध चालवावं लागतं, आणि नंतर तुम्हीच म्हणता की उगाच औषधं दिली.

मग प्रतिजैविक सगळ्यांनाच द्यावं का? दुकानातून आणावं का? मुळीच नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या साडेतेरा हजार नवजात बाळांचा अभ्यास झाला. सेप्सिस झालेल्यांच्या रक्तात क्लेबसिएला सापडला तर निम्म्याहून जास्त वेळा, आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर सापडला तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त वेळा, तो अनेक औषधांना दाद न देणारा होता. जन्मून चार दिवस न झालेल्या बाळाला असे निगरगट्ट जिवाणू भेटतात. त्यांना निगरगट्ट केलं आपण सगळ्यांनी: सर्दीला प्रतिजैविक मागून, दोन गोळ्या खाऊन उरलेल्या फडताळात ठेवून, डॉक्टरनं इंजेक्शन दिलं नाही तर ‘याले काई येत नाही’ म्हणून दुसऱ्याकडे जाऊन. दवाखान्यात तपासणी करून योग्य मात्रेत दिलेलं आणि अहवाल पाहून थांबवलेलं प्रतिजैविक वेगळं. तीन शब्दांवर दुकानातून आणलेली बाटली वेगळी. हा फरक मात्र तुम्हाला स्पष्ट करता आला पाहिजे.

तुम्ही शेतकऱ्याची पोरं आहात. सोयाबीनचं पान पिवळं पडलं की त्याच संध्याकाळी ते पान खिशात घालून तुम्ही कृषी केंद्रात जाता. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. रोगट झाड उपटायचं, माशी आवरायची, शेजारच्या वावरात रोग जाऊ द्यायचा नाही, हे तुम्ही रात्री जागून करता. झाडाच्या विषाणूसाठी जी अक्कल आहे, ती लेकराच्या विषाणूसाठी कुठं जाते? पिकासाठी एक दिवस थांबत नाही आणि बाळासाठी तीन दिवस थांबता?

आता माझ्याबद्दल. त्या बारशात मीही बसले होते. त्या माणसाचं नाक गळताना मी पाहिलं. आशाताई बोलली आणि लोक हसले, तेव्हा मी उठून उभी राहिले असते तर खोलीतलं एकही माणूस हसलं नसतं. मी उठले नाही. पाहुण्याला कसं बोलावं, मंगल कार्यात वाईटपणा कशाला, असा विचार केला. तीस वर्षं वर्गात शिस्त लावली आणि जिथं लागायला हवी होती तिथं गप्प राहिले. काचेपलीकडे त्या लेकराची छाती थांबली तेव्हा मला माझं ते गप्प बसणं आठवलं. पुन्हा असं होणार नाही. यापुढे बारशात मी दारात उभी राहणार आहे, आणि शिंकणारा माणूस माझा विद्यार्थी असो की पाहुणा, त्याला बाहेर बसवणार आहे.

तुम्हाला गृहपाठ देते. चुकवला तर चालणार नाही.

पहिलं. बाळ अठ्ठावीस दिवसांचं होईपर्यंत गर्दीतून फिरवायचं नाही. बारसं करा, पाळणा म्हणा, घुगऱ्या वाटा. बाळ आईच्या कुशीत राहील, माणसं दुरून बघतील. मुका कुणीच घ्यायचा नाही, आजोबांनीसुद्धा. सर्दी, ताप, जुलाब, अंगावर किंवा ओठावर फोड असलेल्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. अंगणवाडीतून आलेल्या थोरल्या भावंडाचे हात आधी साबणानं धुवायचे.

दुसरं. आईलाच सर्दी झाली तर दूध तोडू नका. तिनं नाका-तोंडावर स्वच्छ कापड बांधावं, हात धुवावेत आणि पाजावं. पहिला चीक पिळून टाकू नका, तोच पहिला पहारेकरी आहे. मध, घुटी, गुटखा-तंबाखूच्या हातानं लावलेलं चाटण, बेंबीवर राख, काही नको.

तिसरं. गरोदर बाईच्या घरातलं टाकं, रांजण, कूलर दर आठवड्याला रिकामं करून घासायचं. डेंग्यू-चिकुनगुन्याचा डास तिथंच वाढतो. दिवस भरत आलेल्या बाईला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

चौथं, बाळाचा श्वास मोजायला शिका. इकडे लक्ष द्या. बाळ रडत नसताना, दूध पीत नसताना मोजायचा. झबलं वर करा. छातीकडे नको, पोटाकडे बघा. पोट एकदा फुगलं की एक. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एक मिनिट मोजा. पुन्हा साठ किंवा जास्त आले तर निघा. मग हाताची मागची बाजू पोटाला लावा, नंतर तळपायाला. दोन्ही ऊबदार, तर ठीक. पाय गार आणि पोट ऊबदार, तर बाळ गारठतंय: आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरा. दोन्ही गार, तर तसंच छातीशी धरून निघा. काखेतला थर्मामीटर ९९.५ च्या वर किंवा ९५.९ च्या खाली गेला तरी निघा. दूध सोडलं, झटका आला, छातीत खड्डा पडू लागला, हलवल्याशिवाय हातपाय हलेनात, तर मोजत बसू नका. निघा.

पाचवं. निघायचं कशानं, हा प्रश्न रात्री दोन वाजता पडू देऊ नका. १०८ आणि १०२ हे आकडे दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं, तपासण्या आणि नेणं-आणणं सगळं मोफत आहे. पैशांची सोय होईपर्यंत थांबलो, हे कारण मी ऐकणार नाही.

आणि सहावं. डॉक्टर विचारतील ते सगळं खरं सांगायचं. आईचा ताप, कुणाची सर्दी, कुणाचे फोड, दिलेलं औषध. बाटली खिशात असेल तर टेबलावर ठेवायची. विषाणू निघाला की जिवाणू, हे डॉक्टर आणि प्रयोगशाळा बघतील. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: आजार घरात न आणणं आणि बाळाला वेळेत पोचवणं.

ते बाळ आता अडीच महिन्यांचं झालं आहे. परवा त्याच्या आईनं मांडीवर आणून दाखवलं. माझा चष्मा बघून ते हसलं. मी हात धुतले होते, तरी त्याला हात लावला नाही. त्याच्या बापाला सांगितलं, पुढच्या महिन्यात तुझ्या चुलत भावाकडे बाळंतपण आहे, तिथं दारात तू उभा राहा. त्यानं मान हलवली.

तुमच्यापैकी किती जण उभे राहाल? हात वर करू नका. वर केलेले हात मी आयुष्यभर पाहिले आहेत. येत्या बारशाला मी येईन, तेव्हा दारात मला तुमच्यातला कुणीतरी दिसला पाहिजे.